आधी नावं, मग सुई

नानाभाऊ चौधरी माझ्याशी पहिल्यांदा बोलले तेच रागावून, आणि तेही माझ्याच दुकानात उभं राहून. राजपुऱ्याच्या दरवाज्यापासून चार दुकानं सोडून आमचं मेडिकल आहे. लग्न होऊन मी अकोल्याहून बऱ्हाणपूरला आले आणि त्याच वर्षी काउंटरवर उभी राहायला लागले. रेडिओवर एक जुनं गाणं लागलं होतं आणि मी गोळ्या मोजता मोजता गुणगुणत होते. समोर एक उंच, वाळकुडे गृहस्थ डॉक्टरांची चिठ्ठी हातात धरून उभे होते. चिठ्ठी पुढे करायची सोडून त्यांनी विचारलं, "कोनाचं आहे हे?"

मी गायिकेचं नाव सांगितलं.

"गानारीचं नाही विचारलं."

मी जरा तोऱ्यातच संगीतकाराचं नाव सांगितलं.

"ते तर पोट्ट्यायलेही मालूम आहे. मधात सारंगी वाजते ना, ती कोनाची?"

मला काय माहीत, असं मी म्हटलं. "मालूम नाही, तर मग गुनगुनता कोन्या हक्कानं?" असं म्हणून त्यांनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि रेडिओकडे असं बघितलं की त्यालाही आता बोलणी बसणार. माझं डोकं फिरलं. दुकानात येऊन, औषध मागायच्या आधी, नव्या सुनेची परीक्षा घेणारा हा कोण? मी म्हटलं, "सारंगी तुम्हाला माहीत असेल तर सांगा, नाहीतर रक्तदाबाची गोळी घ्या आणि शांत व्हा." ते हसले नाहीत. त्यांनी सारंगीवाल्याचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, वडील कोणाकडे शिकले तेही सांगितलं आणि गोळ्या घेऊन गेले. दोन दिवसांनी आमच्या ह्यांच्याकडे निरोप आला: "रविवारी सूनबाईले घेऊन ये. तिले राग येते. कामाची आहे."

रविवारी सकाळी नऊ वाजता नानाभाऊंच्या बाहेरच्या खोलीत दहा-बारा माणसं जमायची. सगळी एकाच संगीतकाराची वेडी. श्रीधरबाबू म्हणायचे सगळे त्यांना, जसे काही ते पलीकडच्या गल्लीत राहत होते. प्रत्यक्षात त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि आमच्यापैकी कोणीही त्यांना डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. नानाभाऊ वीज खात्यात होते, जन्मभर तक्रारींच्या खिडकीवर बसले. गावाने त्यांना तोंडाला येईल ते बोलून घेतलं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी ठरवलं असावं की आता ऐकायची ती फक्त गाणी.

त्या खोलीत एक नियम होता आणि तो मोडायची कोणाची टाप नव्हती. रेकॉर्ड फिरायला लागायची. नानाभाऊ सुईचा दांडा उचलून हवेत धरायचे आणि आमच्याकडे बघून म्हणायचे, "हां, बोला." मग नावं सांगायची. संगीतकार, कवी, गाणारे, ही तर फुकटातली. त्यानंतर सहायक कोण, वाद्यमेळ कोणी लिहिला, बासरीवर कोण, तबल्यावर कोण. सगळी नावं आली की सुई टेकायची. एकही अडलं, तर दांडा परत जागेवर आणि ते गाणं त्या रविवारी बंद. एका मेंडोलिनवाल्याच्या नावापायी आम्ही एक लाडकं गाणं तीन रविवार ऐकलं नव्हतं. लोक चिडायचे. कापडाचे व्यापारी प्रकाशभाई तर एकदा म्हणालेच, "नाना, मी गानं ऐकायले आलो का परीक्षा द्यायले?" नानाभाऊ म्हणाले, "पडद्यावर एकाचं नाव येते, रेकॉर्डिंगच्या खोलीत साठ जन बसतात. बाकीचे एकोनसाठ काय हवा खायले बसले होते?"

प्रकाशभाईंशी त्यांचे खटके नेहमीचेच. प्रकाशभाईंचं म्हणणं असं, की श्रीधरबाबूंचं त्यांच्या कवीशी फाटलं आणि तिथून त्यांची उतरण लागली. मासिकांतून सगळे हेच लिहितात. नानाभाऊंनी एका सकाळी दहा रेकॉर्डी काढल्या, पाच भांडणाआधीच्या, पाच नंतरच्या, आणि एकेकीतला मधला तुकडा ऐकवला. "शब्द सोड. हे वाजनं ऐक. इथं व्हायोलिन बोलतात, इथं फक्त हजेरी लावतात. कवी गेला त्याचं दुःख नाही. त्याच साली सहायक सोडून गेला. वाद्यमेळ त्याचा होता. पन त्याचं कोन लिहिते? तो बिचारा पाठीमागं हात बांधून उभा." प्रकाशभाईंनी जिलेबीत लक्ष घातलं. मला मात्र तेव्हा या माणसाचा राग कळला. त्यांना गाण्याचा अभिमान कमी होता, गाण्यातल्या माणसांचा कळवळा जास्त होता.

आणि राग तरी किती! रेडिओवर निवेदकाने नुसतं 'सोनेरी काळातलं गीत' म्हटलं की ते फोन लावायचे. "सोन्याचा काळ कसला? मानसं होती ती. नावं घ्या त्यायची." एकदा लग्नाच्या मांडवात परगावच्या बँडवाल्यांनी श्रीधरबाबूंची चाल वाजवली आणि त्यांच्या मालकाने माइकवरून भलत्याच संगीतकाराचं नाव घेतलं, तेव्हा हे पंगतीतून उठून माइकपाशी गेले. नवरदेवाचे काका आडवे आले नसते तर काय झालं असतं कोण जाणे.

त्यांच्याकडे अकरा वह्या होत्या, खाकी कागदाचं कव्हर घातलेल्या. एका पानावर एक गाणं. मुंबईच्या म्हाताऱ्या वादकांना, स्टुडिओतल्या जुन्या लोकांना त्यांनी वर्षानुवर्षं कार्डं लिहिली आणि आलेल्या उत्तरांवरून पानं भरली. या वह्यांचा बोलबाला झाला. पुण्याच्या एका लेखकाने पुस्तकात 'बऱ्हाणपूरचे जाणकार ना. र. चौधरी' असा उल्लेख केला, रेडिओवाले विचारू लागले, इंटरनेटवरच्या याद्यांत त्यांची माहिती जशीच्या तशी गेली. नानाभाऊंना त्याचा आनंद व्हायचा. व्हायलाच हवा होता.

सगळ्यांत भारी पान होतं पुलाच्या गाण्याचं. गाण्याला आम्ही दिलेलं ते नाव. नायिका पुलावर वाट पाहत उभी आहे आणि तिच्यामागे एक क्लॅरिनेट वाजत राहते. रेकॉर्डवर दोनच कडवी आहेत, सिनेमात तिसरंही आहे. सिनेमा गावातल्या टॉकीजला लागला तेव्हा नानाभाऊ कॉलेजात होते आणि त्यांनी तो एकोणीस वेळा पाहिला. दुसरं कडवं संपतं, क्लॅरिनेट सुरू होते, आणि तेवढ्यात नायिकेचा भाऊ पुलावर येतो आणि तिला बोलू लागतो. चांगलं मिनिटभर बोलतो. त्या बोलण्याखाली क्लॅरिनेट चालूच असते, पण कळत काही नाही. भाऊ निघून जातो तेव्हा ती अगदी खालच्या सुरावर येऊन थांबलेली असते, आणि त्या सुरावरून तिसरं कडवं उठतं. "त्या एका मिनिटात काय वाजलं," नानाभाऊ बोट वर करून म्हणायचे, "ते दुनियेत दोघायलेच मालूम. एक श्रीधरबाबू अन् दुसरे मेंडिस."

मेंडिस म्हणजे मुंबईचे नावाजलेले क्लॅरिनेटवादक. वहीत तसं लिहिलेलं होतं.

सहा-सात वर्षांपूर्वीच्या एका रविवारी नानाभाऊ याच गाण्यावर बोलणार होते. त्या दिवशी दगडू मास्तर आले. गावातल्या जुन्या बँडचे मास्तर, सत्तरीचे, पांढरा इस्त्रीचा बुशशर्ट घालून. आमच्या ह्यांच्या वरातीतही त्यांनीच वाजवलं होतं. ते दाराजवळ, चपलांपाशी बसले. नानाभाऊंनी दांडा उचलला, नावं सुरू झाली, 'क्लॅरिनेट मेंडिस' असं सगळे एका आवाजात म्हणाले. तेव्हा मास्तर हळूच म्हणाले, "नाना, जरा बोलू का?"

"बोला ना मास्तर."

"मेंडिससाहेब त्या दिवशी आलेच नव्हते. ते मी फुंकलं आहे. तवा मी मुंबईले होतो, सहा वर्षं."

नानाभाऊ रागावले नाहीत. त्यांनी वही उघडली, पान काढलं आणि मास्तरांसमोर धरलं. "हे पाहा. इथं मेंडिस लिहिलं आहे. तुमचं नाव आहे का कुठं?"

"माझं कुठून असीन? लिहिनार कोन?"

"मंग मास्तर, परवा शेठजीच्या वरातीत वाजवत होते ते मेंडिस होते काय?" प्रकाशभाई म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले. हे मला लिहायलाच हवं. मीही तोंडाला पदर लावून हसले.

नानाभाऊ म्हणाले, "वरातीत फुंकनं अलग आहे मास्तर, अन् श्रीधरबाबूच्या समोर बसनं अलग. इथं खोटं नाव चालत नाही. या तुमी." मास्तर उठले. कपात अर्धा चहा होता, तो त्यांनी कडेला सरकवून ठेवला, चपला घातल्या आणि गेले. मग सुई टेकली आणि आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून ती क्लॅरिनेट ऐकली.

आज ते आठवलं की अंगाची आग होते. जन्मभर जो माणूस ओरडत राहिला की मागे बसलेल्यांची नावं घ्या, त्याच्या दारात तो मागे बसलेला माणूस स्वतः चालत आला, आणि ह्याने त्याला वही दाखवली! अरे, वही त्याच्यासाठी होती की तो वहीसाठी? पण तेव्हा माझ्याही मनात हे आलं नाही. उलट मास्तरांची थोडी कीवच आली, म्हातारपणी कसल्या बढाया मारतात म्हणून.

त्यानंतर चार वर्षं गेली. एका दुपारी नानाभाऊ गोळ्या घ्यायला दुकानात आले होते. समोर वरात अडकली होती, कारण केळीचा एक ट्रक आडवा झाला होता आणि पुढेही जात नव्हता, मागेही येत नव्हता. नाचणारे घामाघूम होऊन सावलीला गेले. बँड थांबला. दगडू मास्तर आता बँडचे मालक नव्हते, मुलगा चालवायचा, पण ते सोबत असायचे. आमच्या पायरीवर ते टेकले आणि हातातली क्लॅरिनेट, कोणाला ऐकवायचं नाही अशा बेताने, वाजवू लागले. पुलाचं गाणं होतं.

नानाभाऊ आधी नुसते ऐकत होते. दुसरं कडवं संपलं. मास्तर थांबले नाहीत. पुढे वाजवत गेले. मी ते कधीच ऐकलेलं नव्हतं. ती क्लॅरिनेट वर चढायची, तिथून काही तरी विचारल्यासारखी परत यायची, आणि दर वेळी आधीपेक्षा थोडी खालून निघायची. नानाभाऊंनी काउंटरची काच दोन्ही हातांनी धरली. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं त्यांना चक्कर येतेय म्हणून मी बाहेर आले, तर ते पुलावरच्या भावाचे संवाद म्हणत होते, सगळे, पाठ. त्यांचा शेवटचा शब्द संपला आणि मास्तरांची क्लॅरिनेट त्या खालच्या सुरावर येऊन उभी राहिली.

"सूनबाई," ते म्हणाले, "बरोबर जागेवर आला." ट्रक निघाला, वरात पुढे गेली, मास्तर गुडघ्यावर हात देऊन उठले आणि वरातीमागे चालू लागले. त्यांनी आमच्याकडे बघितलंही नाही.

संध्याकाळी नानाभाऊ मोबाइलवर तो सिनेमा लावून, कानाशी धरून पुन्हा दुकानात आले. आता काय ऐकायचं ते माहीत होतं, म्हणून मलाही ऐकू आलं. भावाच्या बोलण्याखाली, बारीकशी, तीच चढण आणि तीच उतरण. दुसऱ्या हातात एक जुनं पिवळं कार्ड होतं. मुंबईच्या एका स्टुडिओतल्या माणसाने चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेलं. मी वाचलं: 'क्लॅरिनेट बहुधा मेंडिस.'

"नाना, इथे बहुधा आहे."

"आहे ना. वहीत लिहितांनी मी ते सोडलं. पान चांगलं दिसावं म्हनून." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "एक शब्द, सूनबाई. अन् त्या शब्दात तो मानूस बसला होता."

मास्तरांच्या घरी एकट्याने जायची त्यांची छाती झाली नाही, म्हणून मला घेऊन गेले. मास्तर ओट्यावर बसून क्लॅरिनेटच्या चाव्या पुसत होते. नानाभाऊंनी हात जोडले आणि जमेल तसं सांगितलं. मला वाटलं होतं म्हातारा विरघळेल, म्हणेल जाऊ द्या नाना. तसं काही झालं नाही, आणि का व्हावं?

"मी तवाच सांगितलं होतं," मास्तर म्हणाले. "गावात कोनाले सांगून उपयोग नव्हता, हे मले मालूम होतं. घरच्यायलेही नाही सांगितलं कधी. तुमी लोक नावं घेता, म्हनून तुमच्याकडं आलो होतो."

मास्तरांनी पुसणं थांबवून क्लॅरिनेट मांडीवर ठेवली.

"माफीचं मी काय करू नाना? जिथं जिथं तुमी मेंडिस सांगितलं, तिथं तिथं माझं सांगा. अन् मी जिवंत आहे तोवर सांगा. मेल्यावर हार घालतात, तसलं नको."

तिथून पुढे दीड वर्ष मी जे पाहिलं त्याने माझं रक्त खवळलं. नानाभाऊंनी रेडिओला पत्रं लिहिली. पुण्याच्या लेखकाला लिहिली. इंटरनेटवरच्या यादीवाल्यांना माझ्याकडून मेल करवून घेतले. यादीवाल्यांचं उत्तर आलं, की या गाण्याबद्दल बऱ्हाणपूरचे जाणकार ना. र. चौधरी यांचं संशोधन प्रमाण मानलं जातं, आपल्याकडे त्याहून भक्कम पुरावा असल्यास कळवावं. मी फोन लावून दिला. नानाभाऊ ओरडले, "अरे, तो चौधरी मीच आहे!" पलीकडचा पोरगा शांतपणे म्हणाला, "सर, मग तेव्हा चुकलात हे खरं, की आता चुकताय हे?" आणि ठेवून दिला. लेखकमहाशय म्हणाले, पुस्तकाची चौथी आवृत्ती छापून तयार आहे, आणि आपल्या गावचा माणूस म्हणून अशी ओढाताण करणं आपल्यासारख्या अभ्यासकाला शोभत नाही. शोभत नाही! बैठकीत बसून दुसऱ्याच्या कार्डावरची माहिती छापणं शोभतं, आणि सत्तरी उलटलेला माणूस आपली चूक कबूल करतो ते शोभत नाही. आमच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर तर लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. प्रकाशभाईंनी लिहिलं, 'नाना, आता आराम करा.'

त्याच काळात श्रीधरबाबूंची जन्मशताब्दी आली. प्रकाशभाईंनी पुढाकार घेतला, हॉल घेतला, इंदूरहून ऑर्केस्ट्रा ठरवला. मी आणि नानाभाऊ त्यांच्या पेढीवर गेलो आणि म्हटलं, दगडू मास्तरांना स्टेजवर बोलवा, एवढं एकच मागणं आहे. प्रकाशभाईंनी आम्हाला चहा पाजला. "नाना, मेंडिससाहेबांच्या नातवाले बोलावलं आहे मुंबईहून. क्लॅरिनेटचा सत्कार त्याचा आहे. कार्डं छापली गेली. आता वरातीतल्या मानसाले कसं काय उभं करू त्याच्या बाजूले?"

"मेंडिस त्या दिवशी आले नव्हते."

"हे तुमीच तर शिकवलं आमाले, मेंडिस म्हनून!"

बाहेर आल्यावर नानाभाऊ पायरीवर थांबले आणि म्हणाले, "बरोबर बोलला. मीच शिकवलं."

कार्यक्रमाच्या दिवशी दगडू मास्तर मागच्या रांगेत माझ्या शेजारी बसले होते. तोच पांढरा बुशशर्ट. मी त्यांना हट्टाने आणलं होतं, कारण नानाभाऊंनी सांगितलं होतं, आज काहीही झालं तरी नाव घेईन. नातवाला शाल घातली. पोरगा भला होता, कुठल्याशा कंपनीत कामाला, क्लॅरिनेट कोणत्या टोकाने फुंकतात तेही त्याला ठाऊक नसावं. मग नानाभाऊंना बोलावलं, 'हा शोध ज्यांनी लावला ते' म्हणून. शाल पुढे आली. नानाभाऊंनी ती हाताने बाजूला केली आणि माइक धरला. "एक मिनट. माझी चूक झाली आहे. ही क्लॅरिनेट मेंडिससाहेबांची नाही. ज्यानं वाजवली तो मानूस या हॉलमध्ये..."

माइक गेला. बंद पडला नाही, बंद केला गेला. मी प्रकाशभाईंचा हात वर झालेला पाहिला आणि त्या इशाऱ्यावर ऑर्केस्ट्राने पुलाचं गाणं सुरू केलं. कीबोर्डवर क्लॅरिनेटचा आवाज काढणारा माणूस मान डोलावत होता. नानाभाऊ बोलतच होते. हात आमच्याकडे दाखवून, गळ्याच्या शिरा ताणून ते काही तरी सांगत होते आणि गाण्याखाली एक अक्षर ऐकू येत नव्हतं. लोकांना वाटलं आशीर्वाद देतायत. टाळ्या पडल्या! मी उठून ओरडले, तर पुढच्या बाईने मला बसा म्हणून खूण केली. शेजारी बघितलं तेव्हा मास्तर उठून दाराकडे चालले होते.

नानाभाऊ त्यानंतर खचले. रविवार बंद केला नाही, पण पुलाचं गाणं लावायचे नाहीत. मास्तरांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. या उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा दुकानात आले आणि अकरावी वही काउंटरवर ठेवली. "तुझ्याजवळ ठेव. तुले राग येते." मी म्हटलं, नाना, गोळ्या वेळेवर घ्या, वही तुमच्याकडेच राहू द्या. ते वही तिथेच सोडून गेले. आठ दिवसांनी सकाळी हातात चहाचा कप असताना ते गेले.

शोकसभा त्याच खोलीत ठेवली, रविवारी, नऊ वाजता. फोटोला हार होता. सूत्रं अर्थातच प्रकाशभाईंनी घेतली. नाना कसे मोठे, नानांनी आम्हाला कान कसे दिले, असं बरंच बोलले. डोळेही पुसले, आणि ते खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मग म्हणाले, नानांच्या आवडीचं गाणं लावून श्रद्धांजली देऊ. रेकॉर्ड फिरू लागली. त्यांनी दांडा उचलला, नानाभाऊंसारखाच, आणि नियमाप्रमाणे नावं सांगू लागले. संगीतकार, कवी, गायिका. "क्लॅरिनेट, मेंडिससाहेब."

मी उठले आणि त्यांच्या हातातून दांडा घेऊन जागेवर ठेवला.

"भाभी, आज तरी..."

"आजच."

मी पिशवीतून नानांची अकरावी वही काढली आणि या गाण्याचं पान वाचलं. मेंडिस खोडलेलं होतं. खाली लिहिलं होतं: 'क्लॅरिनेट, दगडू मास्तर सोनवणे, बऱ्हाणपूर. आधीचं नाव ही माझी चूक. ते सांगायला घरी आले तेव्हा मी त्यांना उठवून लावलं, ही त्याहून मोठी चूक. ना. र. चौधरी.' मग मी म्हटलं, "त्या दिवशी आपण सगळे इथेच बसलो होतो आणि हसलो होतो. मी हसले. प्रकाशभाई, तुम्ही हसवलंत. मास्तर त्या दाराजवळ बसले होते. आताही तिथेच बसलेत." मी बसले नाही. "नाव घेतल्याशिवाय सुई टेकायची नाही, हे नानांचं एवढंच तर होतं. घ्या नाव."

मग कोपऱ्यातून कोणी तरी म्हणालं, "क्लॅरिनेट, दगडू मास्तर." मग आणखी दोघं. शेवटी प्रकाशभाई, फोटोकडे बघत, पुटपुटले. मी दांडा उचलला.

"थांबा ना," दाराजवळून मास्तर म्हणाले. "सुई नका ठेवू. मी काय एकटा बसलो होतो का तिथं?"

ते उठून पुढे आले, फोटोसमोर मांडी घालून बसले आणि डोळे मिटून सांगू लागले. बासरीवर कोण, चेलोवर कोण, ढोलकीवर नाशिककडचा एक, ज्याने त्या दिवशी उपास म्हणून काही खाल्लं नव्हतं. माइक वर-खाली करणारा कोण, तेही. ही नावं वहीत नव्हती, कुठल्याच पुस्तकात नव्हती. मी पेन मागितलं आणि लिहायला बसले. रेकॉर्ड रिकामीच फिरत होती. व्हायोलिनच्या दुसऱ्या रांगेत एक लंगडणारा पोरगा होता, त्याच्या नावाशी मास्तर अडले. कपाळावर हात ठेवून बसून राहिले. आम्ही कोणी हललो नाही. प्रकाशभाईसुद्धा नाही.

"बहुधा पीटर," ते म्हणाले.

मी वहीत आधी 'बहुधा' लिहिलं, मग पीटर.